सवय लागायला २१ दिवस? त्या आकड्यामागची खरी गोष्ट

जानेवारी उजाडला की, आणि मग पुन्हा पाडव्याच्या आसपास, नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक आव्हान फिरू लागतं. २१ दिवस पहाटे पाचला उठा. २१ दिवस साखर बंद. २१ दिवस रोज बारा सूर्यनमस्कार, मग बघा आयुष्य कसं बदलतं! पहिल्या आठवड्यात ग्रुपवर फोटो येतात, दुसऱ्यात ते विरळ होतात आणि बाविसाव्या दिवशी पाचला उठणारे फार थोडे उरतात. बाकीच्यांची एकच समजूत पक्की होते: आपल्यात जिद्दच नाही.

ही समजूत चुकीची आहे. ती दरवर्षी कितीतरी कष्टाळू, प्रामाणिक माणसांना स्वतःच्याच नजरेत उतरवते, म्हणून ती खोडून काढायलाच हवी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सवयींवर बरंच नेमकं संशोधन झालं आहे. त्यातून दिसतं ते असं: एखादी गोष्ट अंगवळणी पडेल की नाही हे आपल्या जिद्दीपेक्षा ती आपण कुठे करतो, कधी करतो आणि कशाच्या पाठोपाठ करतो यावर जास्त ठरतं. लहान सवयी का टिकतात आणि मोठे संकल्प का मोडतात, याचं उत्तरही तिथेच आहे.

२१ हा आकडा आला कुठून?

मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकेतले प्लॅस्टिक सर्जन. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. हात किंवा पाय कापावा लागलेल्या माणसाला तो अवयव अजून जागेवर असल्याचा भास होत राहतो, त्यालाही त्यांनी तेवढाच काळ सांगितला होता.

एका डॉक्टरने आपल्या रुग्णांबद्दल नोंदवलेलं हे निरीक्षण होतं. प्रयोग नव्हता, आणि पहाटे उठण्याशी किंवा चालायला जाण्याशी त्याचा काही संबंधही नव्हता. पुढे ते भाषणांतून, पुस्तकांतून, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जात राहिलं. वाटेत 'साधारण' गळलं, 'किमान' गळलं आणि '२१ दिवसांत कोणतीही सवय लागते' एवढंच शिल्लक राहिलं.

सवय म्हणजे नक्की काय?

रोज केलेली प्रत्येक गोष्ट सवय नसते. कोणी रोज ठरवून, मनाला समजावून, कंटाळा बाजूला सारून व्यायाम करत असेल तर तो निश्चय झाला. न ठरवता जे हातून होतं ती सवय. घराबाहेर पडताना खिसा चाचपून किल्ली पाहणं, स्कूटरवर बसल्यावर आधी स्टँड काढणं, कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅसकडे हात जाणं. यातलं काहीच आपण ठरवत नाही. समोर एक ठरावीक परिस्थिती येते आणि तिच्या मागोमाग ठरावीक कृती होते. या परिस्थितीला आपण 'खूण' म्हणू. खूण म्हणजे एखादी वेळ असेल, जागा असेल, आवाज असेल किंवा नुकतंच संपलेलं दुसरं काम असेल.

खूण आणि कृती यांची गाठ मेंदूत खोलवर असलेल्या पेशीसमूहांत बसते. त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अॅन ग्रेबियल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या या भागाच्या नोंदी घेतल्या आणि १९९९ साली त्या प्रसिद्ध केल्या. उंदीर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या वाटेवरून धावायला शिकत होते. सुरुवातीला वाटभर तिथल्या पेशी कामात होत्या. वाट पाठ झाल्यावर त्यांची हालचाल मुख्यतः धावण्याच्या आरंभी आणि शेवटी दिसू लागली, मधला भाग जवळजवळ निवांत गेला. सगळी धाव मिळून एकच तुकडा बनली होती. एकदा सुरू झाला की तो आपला आपण पूर्ण होत होता.

शेतात नवीन पाट काढला की पहिल्यांदा पाणी जागोजागी फुटतं, फावडं घेऊन त्याच्या मागे फिरावं लागतं. तोच पाट वापरात राहिला की त्याचा तळ बसतो आणि पाणी सोडलं की ते आपसूक शेवटच्या सरीपर्यंत जातं. रोज नव्या जागेतून पाट काढणाऱ्याचं फावडं मात्र कधीच सुटत नाही. आज सकाळी, उद्या रात्री, परवा जमेल तेव्हा असा व्यायाम करणाऱ्याचं नेमकं हेच होतं.

आपल्या दिवसाचा किती भाग असा आपसूक जातो? वेंडी वुड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दर तासाला, त्या क्षणी आपण काय करतोय आणि मनात काय चाललंय याची नोंद करायला सांगितलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ४३ टक्के कृती जवळपास रोज, बहुधा त्याच जागी होणाऱ्या होत्या, आणि त्या करताना मन बहुतेक वेळा दुसरीकडेच होतं. एका अर्थी ही चांगली गोष्ट आहे. ब्रश कसा धरायचा याचाही रोज विचार करावा लागला असता तर दुपारपर्यंत डोकं शिणून गेलं असतं.

शिळे पॉपकॉर्न लोकांनी का खाल्ले?

खुणेची ताकद दाखवणारा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. चित्रपटगृहात आलेल्या काही जणांना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना सात दिवसांचे शिळे. शिळे पॉपकॉर्न चवीला वाईट आहेत हे खाणाऱ्यांना कळत होतं, त्यांनी तसं सांगितलंही. तरी ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. तीच पक्की सवय असलेली माणसं एका सभेसाठीच्या खोलीत पडद्यावर गाणी बघत होती, तेव्हा मात्र त्यांनी शिळे पॉपकॉर्न फारसे खाल्ले नाहीत. आणखी एक गंमत होती. चित्रपटगृहातच, पण ज्या हाताने एरवी खातो त्याऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हाही लोक भानावर आले आणि शिळ्या पॉपकॉर्नचं खाणं कमी झालं.

अंधार, पडदा, खुर्ची, हातातला डबा. एवढ्या खुणा जमल्या की आवडीनिवडीचं मत कोणी विचारत नाही. रात्री टीव्हीसमोर बसल्यावर हात फरसाणाच्या डब्याकडे जातो तेव्हा भूक असेलच असं नाही. आणि जे वाईट सवयीला लागू आहे ते चांगल्या सवयीलाही लागू आहे: खूण पक्की असेल तर मन नसतानाही काम होऊन जातं.

मग खरे दिवस किती?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एका ठरलेल्या खुणेला जोडून एक नवी गोष्ट करायला सांगितली. दुपारच्या जेवणासोबत फळ खाणं, नाश्त्यानंतर पाणी पिणं, रात्रीच्या जेवणाआधी थोडं पळणं, अशा गोष्टी. बारा आठवडे ही माणसं आपली कृती किती आपसूक होतेय याची नोंद करत होती. हा आपसूकपणा वाढत जाऊन पुढे स्थिर होईपर्यंत किती दिवस लागतात हे पाहिलं, तेव्हा मध्यक ६६ दिवसांचा आला. म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. सर्वांत लवकर जमलं ते १८ दिवसांत. सर्वांत सावकाश होणाऱ्याला गणिताने काढलेल्या अंदाजानुसार २५४ दिवस लागले असते.

आता २१ ऐवजी ६६ चा आकडा ग्रुपवर फिरू नये म्हणून हेही सांगायला हवं: हे गणित ज्यांच्या नोंदींना नीट बसलं अशी माणसं फक्त ३९ होती. त्यामुळे ६६ ला चिकटण्यात अर्थ नाही. घ्यायचं ते वेगळंच. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर आपसूक झाली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. लहान गोष्टीपासून सुरुवात करा असं जे म्हणतात त्यामागचं कारण हे आहे. लहान गोष्ट थकलेल्या दिवशीही होते, म्हणून खूण आणि कृती पुन्हा पुन्हा एकत्र येतात आणि गाठ बसते. तासाभराचा व्यायाम आठवड्यात दोनदाच झाला तर गाठही दोनदाच आवळली जाते.

एक दिवस चुकला तर सगळं वाया जातं का?

नाही. त्याच अभ्यासात एखादा दिवस सुटल्याने आपसूकपणा वाढण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. पाहुणे आले, मुलाला ताप आला, सकाळचं चालणं बुडलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच दारातून बाहेर पडायचं. 'साखळी तुटली, आता पुढच्या सोमवारपासून' या हिशेबात जेवढे दिवस जातात तेवढे मूळ चुकलेल्या दिवसाने कधीच गेले नसते.

'पण माझ्यात चिकाटीच नाही'

मनोबल वापरलं की संपतं, असा एक सिद्धांत बरीच वर्षं गाजला. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर त्यामागचा एक प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणजे चिकाटीचा साठा ही कल्पनाच डळमळीत आहे. मग फरक पडतो कशाने?

इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. पुढच्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं जोराचा व्यायाम करायचा होता. पहिल्या गटाला वेगळं काही सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो याची माहिती दिली. तिसऱ्याला ती माहिती तर दिलीच, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे लिहून द्यायला सांगितलं. पहिल्या गटात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी, तिसऱ्यात ९१ टक्क्यांनी.

दुसऱ्या गटाचा आकडा पुन्हा बघा. हृदयविकाराबद्दल वाचून, पटूनही काही हललं नाही. आपण एकमेकांना जे प्रेरणादायी संदेश पाठवतो ते सगळे या दुसऱ्या गटातले आहेत. तिसऱ्या गटाने केलं ते एका ओळीचं काम होतं, आणि त्याचा साचा घरी वापरायला सोपा आहे: 'अमुक झालं की मी तमुक करणार.' सकाळचा चहा गाळला की रक्तदाबाची गोळी. ऑफिसमध्ये डबा खाऊन झाला की जिन्याने खाली जाऊन एक फेरी. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की मोबाईल चार्जिंगला आणि हातात मुलाचा अभ्यास. 'अमुक'च्या जागी घड्याळापेक्षा रोज न चुकता होणारं काम असेल तर बरं, कारण साडेसहा वाजल्याचं लक्षात राहील असं नाही, पण चहा गाळल्याचं राहतंच.

झोपण्याआधीची पाच मिनिटं

एकच सवय लावायची असेल तर कोणती, असं विचारलंत तर मी ही सांगेन: रात्री उद्याची कामं कागदावर लिहून काढणं.

दिवे मालवल्यावर डोक्यात काय चालू होतं ते आठवा. विजेचं बिल भरायचं राहिलंय. आईच्या तपासणीचा रिपोर्ट आणायचाय. साहेबांना ती मेल गेलीच नाही. शाळेने जन्मदाखल्याची प्रत मागितलीय. यातलं एकही काम रात्री अकरा वाजता होणारं नाही, तरी एकेक जण येऊन आठवण देऊन जातो. अर्धवट राहिलेलं काम मन सोडत नाही, त्याकडे परत परत वळतं. यावर मानसशास्त्रात १९२० च्या दशकापासून प्रयोग होत आले आहेत.

२०११ साली मासिकांपो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा दुवा शोधला. अपुऱ्या कामाचे विचार मधेच घुसून हातातलं काम बिघडवतात, हे त्यांच्या प्रयोगांत दिसलंच. पण ते काम कसं करायचं याची नेमकी योजना ज्यांना करू दिली, त्यांचा त्रास बराचसा निघून गेला. काम झालेलं नव्हतं, तसंच पडून होतं. ते कधी आणि कसं होणार हे ठरलं, एवढ्यावर मनाने आठवण द्यायचं थांबवलं.

यादीचा थेट झोपेशी संबंध अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात तपासला गेला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ५७ तरुण प्रयोगशाळेत झोपले. निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या काही दिवसांतली करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं लिहिली. कोण कधी झोपलं हे यंत्रांनी मोजलं. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांची यादी जास्त तपशीलवार होती त्यांना आणखी लवकर. प्रयोग एका रात्रीचा आणि मोजक्या तरुणांवरचा होता, त्यामुळे त्याला औषध म्हणता येणार नाही. पण 'उद्याच्या कामांचा विचार झोपताना केला तर काळजी वाढेल' या भीतीला त्यात उत्तर आहे. काळजी वाढवतात ती डोक्यात फिरत राहिलेली कामं.

यादी कशी लिहिता यावर बरंच अवलंबून आहे. 'ताईच्या लग्नाचं बघायचं' असं लिहिलं तर मनाला काहीच मिळालं नाही, ते रात्रभर लग्नाचंच बघत बसेल. 'शनिवारी सकाळी दोन मंगल कार्यालयांना फोन करून मे महिन्यातल्या मोकळ्या तारखा विचारणे' असं लिहिलं की पुढची पायरी ठरली. 'अॅडमिशन' नव्हे, 'उद्या जाताना जन्मदाखला आणि आधार कार्ड झेरॉक्स करणे'. पाच-सात ओळी पुरतात. सुंदर डायरी लागत नाही, पाठकोरा कागद चालतो. मोबाईलवर लिहायला गेलात तर तिथे आलेले संदेश वाचत बसाल, म्हणून कागद बरा. आणि कागद-पेन तुमच्या खुणेजवळ ठेवा. ओटा पुसून झाला की यादी, असं ठरवलं असेल तर ओट्यापाशी. दाराला कडी लावली की यादी, तर दारापाशी.

शाळेत असताना आपण हेच करत होतो. उद्याचं वेळापत्रक बघून रात्री दप्तर भरून ठेवायचं, पेन्सिलीला टोक काढून ठेवायचं, मग झोपायचं. सकाळची धावपळ त्याने निम्मी होत असे.

मोबाईलचं काय करायचं?

खूण समजली की हे उत्तर थोडक्यात देता येतं. मोबाईल बघायचा नाही, असं ठरवून बघणं थांबत नाही, कारण उशाशी पडलेला मोबाईल हीच खूण आहे. चार्जर दुसऱ्या खोलीत न्या आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. सूचनांचे आवाज बंद करा, घरच्यांचे फोन तेवढे वाजू द्या. सोडायच्या सवयीची खूण लांब करायची, लावायच्या सवयीची जवळ आणायची. चालायचे बूट कपाटातून काढून दाराशी ठेवायचे, ते याचसाठी.

घर बदललंत, बदली झाली, मूल नव्या शाळेत जाऊ लागलं, तर ती संधी समजा. विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांचा २००५ साली अभ्यास झाला. जागा आणि परिस्थिती बदलली तिथे जुन्या सवयी सुटल्या आणि माणसं पुन्हा मनाप्रमाणे वागू लागली. नव्या घरात पहिल्या काही आठवड्यांत टीव्ही कुठे लागतो आणि जेवायला कोण कुठे बसतं, यावर पुढची कित्येक वर्षं ठरतात.

एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, छातीत सतत धडधड होत असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

'माझा दिवस माझ्या हातात कुठे आहे?'

सवयींवर लिहिणारे बहुतेक जण हा प्रश्न टाळतात, आणि तो सगळ्यांत खरा आहे. पहाटेचा एक तास स्वतःसाठी ठेवा, असं सांगणाऱ्याच्या घरी त्या तासात डबा कोण करतं?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जात असल्याचं दिसलं. पुरुषांचा ८८ मिनिटं. आणि त्या पुरुषांत घरकामाला हात लावणारेच मोजले आहेत, न लावणारे यात नाहीत. शिवाय हा झाला हातांचा वेळ. कोणाचं दूध वाढवायचं, गॅस कधी संपेल, कोणाची फी कधी आहे हे लक्षात ठेवण्याचं काम अशा सर्वेक्षणात सहसा मिनिटांनी मोजलं जात नाही, आणि ते बहुधा एकाच डोक्यात असतं. अशा बाईला 'स्वतःला शिस्त लावा' म्हणणं अन्याय आहे. तिच्याकडे शिस्त सगळ्यांत जास्त आहे. नळाला पाणी येण्याच्या वेळेपासून रात्रीच्या विरजणापर्यंत तिचा दिवस खुणांवरच चालतो, फक्त त्या खुणा दुसऱ्यांच्या गरजांनी ठरलेल्या असतात.

तिच्यासाठी वेगळा वेळ न मागणाऱ्या गोष्टी आहेत. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीत बसून शांत श्वास घेणं. पाणी भरताना दोन्ही टाचा वर उचलणं. पण त्यावर थांबलो तर ओझं तिथेच राहील. सवय परिस्थितीतून घडत असेल तर घरातल्या बाकीच्यांची परिस्थितीही बदलायला हवी. 'मदत करीन' हा निश्चय आहे, तो दोन दिवस टिकतो. 'जेवून उठलो की माझं ताट मी घासणार, मग उद्याचे पाण्याचे डबे भरणार' ही खुणेला बांधलेली कृती आहे, ती टिकू शकते. मुलांना हे दहाव्या वर्षापासून लावता येतं, आणि पन्नाशीच्या माणसालाही लागतं, काही आठवडे जास्त जातील एवढंच.

रात्रीची यादीही एकट्या माणसाच्या उशाशी ठेवायची गरज नाही. ती फ्रिजवर लावा. ओटा पुसून झाला की घरातल्या सगळ्यांनी पाच मिनिटं तिथे उभं राहून आपापल्या डोक्यातली उद्याची कामं लिहायची आणि प्रत्येक ओळीपुढे करणाऱ्याचं नाव टाकायचं. पहिले काही दिवस एकच नाव पुन्हा पुन्हा येईल. ते सगळ्यांच्या नजरेला पडलं की त्यातल्या दोन-तीन ओळींपुढचं नाव त्याच रात्री बदला.